उडत्या विमानात जळका वास आला तर

छोट्या विमानांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच होता : विमान हवेत असताना आतली वायर जळू लागली, तर वैमानिकाने काय करायचे? ही पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी अनेक वर्षे लहान विमानांच्या देखभालीचे काम केले असल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारामतीला विमान चालवायला शिकते आहे. परवा फोनवर ती सहज म्हणाली, “आज सरांनी हवेत सगळी वीज बंद करण्याचा सराव करून घेतला.” तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. वीज बंद केल्यावर इंजिन बंद पडणार नाही का? आणि खरोखरच आग लागली, तर तिच्या हातात काय उरते? — एक आई, सातारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण मुलीकडून तो सराव करून घेतला गेला, ही समाधानाची गोष्ट आहे. इंजिनाचे आधी सांगतो. सेसना १७२ सारख्या शिकाऊ विमानाच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो नावाची दोन स्वतंत्र यंत्रे करतात. ती इंजिनाच्याच फिरण्यावर चालतात आणि स्वतःपुरती वीज स्वतः तयार करतात. बॅटरी किंवा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून विमानाला वीज पुरवणारे यंत्र) यांच्यावर त्यांची भिस्त नसते. त्यामुळे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही तोडणारा मास्टर स्विच बंद केला, तरी इंजिन पूर्वीइतक्याच जोमाने चालत राहते. या विमानाचे पंख वर असल्याने टाक्यांतले पेट्रोलही उतारानेच इंजिनाकडे येते.

वीज तोडल्यावर रेडिओ गप्प होतो, दिवे जातात, फ्लॅप्स (उतरताना वेग कमी ठेवता यावा म्हणून पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या पट्ट्या) हलत नाहीत आणि पेट्रोल दाखवणारे काटे शून्यावर येतात. या काट्यांचे मी मुद्दाम सांगतो, कारण पहिल्यांदा ते पडताना पाहून शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. टाकी भरलेली असते. फक्त काट्याची वीज गेलेली असते. वेग आणि उंची दाखवणारी जुन्या पद्धतीची घड्याळे हवेच्या दाबावर चालतात, तर होकायंत्राला कशाचीच गरज नसते. विमानाचा वेग धोकादायक इतका कमी झाला की वाजणारी सेसना १७२ ची सूचनासुद्धा पंखाच्या कडेला पडणाऱ्या हवेच्या ओढीवर, बाजाच्या पेटीतल्या सुरासारखी, विजेवाचून वाजते. थोडक्यात, विमान उडवायला आणि उतरवायला जे लागते, ते बहुतेक सगळे तिच्या हातात राहते.

आता आगीविषयी. विजेची आग बहुधा ज्वाळांनी सुरू होत नाही. आधी वास येतो. वायरचे प्लास्टिक तापल्याचा तो उग्र, घशाला खवखवणारा वास एकदा आला की विसरता येत नाही. जुन्या विमानांतल्या पीव्हीसी वायरी जळताना निघणारा धूर डोळे आणि श्वासनलिका जाळतो, आणि दोन-चार माणसे मावतील एवढ्याशा कॉकपिटमध्ये तो भरायला फार वेळ लागत नाही. प्रवासी जेटमधल्या वैमानिकांसाठी प्राणवायूचे मुखवटे असतात. आपल्या मुलीच्या विमानात ते नसतात. म्हणून वासालाच आग समजायचे, धूर दिसण्याची वाट पाहायची नाही, असे आम्ही सांगत आलो आहोत.

विमानासोबत येणाऱ्या माहितीपुस्तकातला क्रम साधारण असा असतो. प्रथम मास्टर स्विच बंद करायचा, त्यापाठोपाठ रेडिओंचा स्विच आणि बाकीचे सगळे स्विच. मात्र इंजिनाच्या चावीला हात लावायचा नाही. मग बाहेरची आणि हीटरची हवा आत येण्याच्या वाटा बंद करायच्या, म्हणजे आगीला वारा मिळत नाही, आणि गरज भासल्यास अग्निशामक सिलिंडर वापरायचा. आग पूर्णपणे विझल्याची खात्री झाली की मात्र हवा आत घेऊन धूर बाहेर काढायचा. क्रमातली पहिली पायरी पाठ असल्याशिवाय उपयोगाची नाही, कारण डोळ्यांत धूर गेल्यावर चेकलिस्ट वाचता येत नाही. सरावात शिक्षक नेमके तेच हातात मुरवून घेतात.

‘मे डे’ची, म्हणजे रेडिओवरून संकट कळवण्याची, हाक आधी द्यायची की वीज आधी तोडायची, यावर शिकणारी मुले वाद घालतात. माझे मत स्पष्ट आहे : मास्टर स्विचवर बोट ठेवून दोन-तीन शब्दांत हाक देता आली तर द्यावी, पण विमानतळाच्या टॉवरच्या उत्तरासाठी वायर जळत ठेवू नये. वीज तोडल्याबरोबर बहुतेक वेळा आगीची भूक संपते, कारण तिला उष्णता पुरवणारा प्रवाहच थांबतो. पुढचे काम म्हणजे जवळच्या धावपट्टीकडे वळणे. फ्लॅप्स नसल्याने उतरताना वेग थोडा जास्त ठेवावा लागतो आणि धावपट्टीही जास्त लागते. रेडिओ बंद असला तर टॉवरवरून दिव्याने खुणा करतात. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरायची परवानगी. वीज तोडूनही धूर वाढतच असेल, तर विमानतळाचा मोह सोडून समोर दिसेल त्या मोकळ्या शेतात उतरणे शहाणपणाचे.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. सर्वच छोटी विमाने मॅग्नेटोवर चालत नाहीत. दोन डिझेल इंजिनांच्या डायमंड डीए-४२ विमानातली इंजिने संगणकाच्या आधारे चालतात आणि त्या संगणकाला वीज लागते. जर्मनीतील श्पायर येथे ४ मार्च २००७ रोजी अशाच एका विमानाची बॅटरी उतरलेली असताना ते बाहेरच्या विजेवर सुरू करून उडवले गेले. चाके आत घेताना विजेचा दाब पडला आणि दोन्ही इंजिने बंद झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. अशा विमानात मास्टर स्विचचा निर्णय त्याच विमानाच्या पुस्तकाप्रमाणे घ्यावा लागतो. मुलगी पुढे दोन इंजिनांच्या विमानाकडे वळेल, तेव्हा हे तिला नव्याने शिकावे लागेल.

प्रश्न : मी वैमानिक होण्यासाठी शिकत आहे. उडताना एखादा सर्किट ब्रेकर (प्रवाह जास्त झाला की आपोआप बाहेर येऊन वीज तोडणारे बटण) बाहेर आला तर तो “एकदा दाबून पाहावा, दुसऱ्यांदा आला तर सोडून द्यावा” असे काही जुने वैमानिक सांगतात. माझे वडील वायरमन आहेत, ते म्हणतात, “घरातली एमसीबी पडली की आधी कारण शोधायचे.” कोणाचे ऐकावे? — एक विद्यार्थी, गोंदिया

उत्तर : वडिलांचे ऐका.

हे एका शब्दाने संपवता आले असते, पण “एकदा दाबून पाहावा” ही शिकवण अजूनही कानोकान फिरते आणि तिने माणसे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. १० जुलै २००७ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच येथून दोन इंजिनांचे एक सेसना ३१० विमान निघाले. आदल्याच दिवशी ते उडवणाऱ्या वैमानिकाला हवेत जळका वास आला होता. त्याने हवामानाच्या रडारचा सर्किट ब्रेकर बाहेर ओढला, वास थांबला, आणि उतरल्यावर त्याने ही तक्रार लिहून दिली. त्याने केले ते सगळे बरोबर होते. चूक पुढे झाली. बिघाड दुरुस्त न करताच दुसऱ्या दिवशी विमान उड्डाणासाठी दिले गेले, आणि तक्रार ठाऊक असूनही ते नेले गेले. उड्डाणानंतर काही मिनिटांतच वैमानिकांनी कॉकपिटमध्ये धूर झाल्याचे कळवले आणि ते सॅनफोर्डच्या विमानतळाकडे वळले. सगळे बंद करत असल्याचे सांगतानाच त्यांचे बोलणे मध्येच तुटले. विमान वस्तीत कोसळले. आतले दोघे आणि जमिनीवरच्या घरांतले तिघे, त्यात दोन लहान मुले, असे पाच जीव गेले. ज्ञात आणि न सोडवलेल्या बिघाडासह विमान उड्डाणासाठी देण्याचा आणि ते उडवण्याचा निर्णय, हे अमेरिकेच्या तपास मंडळाने अपघाताचे कारण ठरवले. तो ब्रेकर पुन्हा आत दाबला गेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर ब्रेकर पुन्हा दाबण्याच्या सवयीविषयी छोट्या विमानांच्या वैमानिकांना आणि मेकॅनिकांना स्पष्ट इशारे देण्यात आले.

ब्रेकर कशासाठी असतो, हे नीट समजले की मोह आपोआप कमी होतो. तो रेडिओचे किंवा रडारचे रक्षण करायला नसतो; तो वायरचे रक्षण करायला असतो. प्रवाह वायरला सोसवेल त्यापेक्षा जास्त झाला म्हणून तो बाहेर आला. त्याने आपले काम केले आहे. आपण तो पुन्हा दाबतो, तेव्हा एकदा तापून कोळपलेल्या आवरणातून पुन्हा प्रवाह सोडतो. आणखी वाईट म्हणजे, घासून उघडी पडलेली तार पत्र्याला अधूनमधून टेकत असेल, तर तिथे बारीक ठिणग्या पडत राहतात. सरासरी प्रवाह मर्यादेत असल्याने ब्रेकर बाहेर येतच नाही, पण त्या एका बिंदूवर उष्णता मात्र प्रचंड असते. बॅटरी १२ किंवा २४ व्होल्टचीच आहे, मग भीती कसली, असे पुष्कळांना वाटते. माणसाला शॉक बसणार नाही, हे खरे. पण वायर पेटवते ती प्रवाहाची उष्णता, आणि छोट्या विमानाच्या अल्टरनेटरकडे ६० अँपिअर द्यायची ताकद असते.

माझ्या हाताखालची एक गोष्ट सांगतो. एका शिकाऊ विमानाची तक्रार होती : “रेडिओ दोनदा बंद पडला, हलका वास.” इन्स्ट्रुमेंट पॅनलच्या मागे, पाठीवर आडवे पडून टॉर्चने पाहावे लागते अशा जागी, वायरींची जुडी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे रबर झिजून गेले होते. जुडी खाली लोंबली होती आणि पत्र्याच्या कापलेल्या कडेवर इंजिनाच्या थरथरीबरोबर घासत होती. जुडीतल्या एका वायरचे आवरण जाऊन तांबे चकाकत होते, आणि समोरच्या पत्र्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग पडला होता. तेवढाच. त्याला लागून दुसऱ्या वायरी होत्या आणि वरच्या अंगाला आवाज अडवणारे जुने, धुळीने माखलेले अस्तर होते. रेडिओचा ब्रेकर हवेत दोनदा दाबला गेला होता.

म्हणून नियम एवढाच ठेवा : ज्या उपकरणावाचून विमान सुरक्षितपणे उतरवताच येणार नाही, अशाच उपकरणाचा ब्रेकर हवेत पुन्हा दाबण्याचा विचार करायचा, तोही एकदाच आणि पुस्तक परवानगी देत असेल तरच. दिवसा, स्वच्छ हवेत, एका रेडिओसाठी कधीच नाही. आग विझल्यावर ढगांत किंवा रात्री वीज परत आणणे अपरिहार्य झाले, तर बाहेर आलेला ब्रेकर तसाच ठेवून, सगळी उपकरणे बंद असताना मास्टर स्विच चालू करायचा. मग एकेक उपकरण चालू करून प्रत्येकानंतर थोडे थांबायचे आणि नाक उघडे ठेवायचे. वास परत आला की शेवटचे चालू केलेले उपकरण संशयित. उतरल्यावर तक्रार तोंडी न सांगता विमानाच्या नोंदवहीत लिहा, आणि दुरुस्तीची सही दिसेपर्यंत त्या विमानात बसू नका. शिकणाऱ्याला असा नकार देणे जड जाते, हे मी जाणतो. तरीही द्या.

प्रश्न : छोट्या विमानात कोणता अग्निशामक सिलिंडर ठेवतात? मोटारीतला पावडरचा चालेल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पावडरचा ठेवू नये. एवढ्याशा जागेत तो फवारला की पुढची काच आणि घड्याळे दोन्ही दिसेनाशी होतात, श्वास कोंडतो, आणि पावडर वायरींच्या जोडांत शिरून धातू खात राहते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बंद कॉकपिटमध्ये माणसालाही गुदमरवू शकतो. छोट्या विमानांत वर्षानुवर्षे हॅलॉन १२११ नावाचा वायू वापरला गेला. तो आग लवकर विझवतो आणि मागे काही ठेवत नाही. ओझोनच्या थराला तो घातक असल्याने माँट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचे नवे उत्पादन १९९४ पासून थांबले, आणि आता हॅलोट्रॉनसारखे पर्यायही मिळतात. यातला कोणताही फवारला, तरी आग विझल्यावर खिडकी उघडून हवा खेळती करावीच लागते.

सिलिंडर बहुधा वैमानिकाच्या आसनाजवळ बसवलेला असतो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन जागेवर आहे का आणि पट्टा एका हाताने सुटतो का, हे स्वतः पाहावे. मी तपासलेल्या एका विमानात तो पट्टा गंजून असा घट्ट बसला होता की सोडवायला पक्कड लागली.