गढीचा कागद रजिस्टर नाही म्हणून खूश होऊ नका

सरदार घराण्यातल्या एका वाचकाने विचारलंय, आजोबांनी १९७२ साली गढी गावच्या संस्थेला म्युझियमसाठी दिली, कमी किमतीच्या स्टँपवर लिहून, रजिस्टर न करता, आता संस्था तिथे लग्नं लावते, तर गढी परत मिळेल ना? असे वाडे-गढ्यांचे प्रश्न सारखे येतात आणि प्रत्येकाला वाटतं कागद कच्चा म्हणजे आपण जिंकलो.

उलट आहे हो. रजिस्टर नसलेल्या बक्षीसपत्राने गढीची मालकी जात नाही, हे खरं. पण अशा कच्च्या बक्षीसपत्रावर जो ताबा घेतो तो पहिल्या दिवसापासून मालक म्हणून बसलाय असं कोर्ट धरू शकतं, म्हणजे प्रतिकूल ताबा, आणि त्याची मुदत बारा वर्षं, तेवढ्यात मूळ मालकाने दावा लावला नाही तर त्याचा हक्क जातो. १९८४ लाच तुमचा हक्क संपला! संस्थेचा वकील पहिलं हेच म्हणणार.

म्हणजे सगळं त्या कागदातल्या एका वाक्यावर आहे आणि नेमकं तेच तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या फोटोत कापलं गेलंय. 'कायमची दिली' असं आहे की 'म्युझियम चालेल तोवर वापरायला दिली'? दुसरं असेल तर ती नुसती परवानगी, तिथे नुसती वर्षं मोजून कोणी मालक होत नाही. कागद रजिस्टर नसला तरी ताबा कसला होता एवढ्यापुरता कोर्ट तो वाचू शकतं, नोंदणी कायद्याचं कलम ४९ बघा, फक्त आधी कमी पडलेला स्टँप आणि दंड भरावा लागेल.

दुसरं, घरच्यांनी गढीत थोडा तरी आपला ताबा ठेवला होता का? कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये खाली म्युझियम आहे आणि घराणं तिथेच राहतं, ताबा सोडलेलाच नाही. तुमचे नवरात्रातले घट अजून गढीच्या देवघरात बसत असतील तर जुने फोटो, पुजाऱ्याची साक्ष जमवा. धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून संस्थेच्या मिळकतींच्या यादीची सर्टिफाइड कॉपीही काढा, गढी स्वतःची म्हणून दाखवलीय का आणि कधीपासून, ते कळेल.

गढीसोबत दिलेल्या तलवारी-चित्रांचं जरा अवघड दिसतंय, जंगम वस्तू बक्षीस म्हणून हातात दिली की रजिस्टर लागत नाही.

दावा लावला तर दहा वर्षं कुठे जात नाहीत. आणि संस्थेच्या सेक्रेटरीला 'आजोबांनी दान केलेली गढी' असा व्हॉट्सॅप कोणी करायला सांगितला होता? तो 'कायमची दिली' याची कबुली म्हणून तुमच्याच विरुद्ध वापरतील. आता पूर्ण कागद वकिलाला दाखवेपर्यंत त्यांना एक अक्षर पाठवू नका.