अंग रगडायचं, पण केव्हा?

प्रश्न : ताई, वय ४६, बँकेत नोकरी. यंदा पहिल्यांदाच सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. आमच्या ग्रुपमधले म्हणतात, आदल्या दिवशी कडक मसाज घे, पाय मोकळे होतात. इथल्या एका सेंटरने तासाचे १,८०० रुपये सांगितले. तिथल्या फलकावर लिहिलंय की या मसाजने स्नायूंमधलं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं. जाऊ का? आणि दुखल्याशिवाय गुण येत नाही, हे खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आदल्या दिवशी नको. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

कडक रगडलेली मांडी दुसऱ्या दिवशी हुळहुळी असते, कधी कधी तर भरपूर बैठका मारल्यासारखी भरून येते. अशा मांड्या घेऊन तुम्ही यवतेश्वरचा घाट चढणार. चढाचं एक वेळ निभावेल, उताराचं काय? उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जातो आणि ताणला जात असतानाच अंगाचा भारही तोलून धरतो. घाटात ब्रेकवर उतरणाऱ्या गाडीसारखं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते ती या कामात. म्हणून ही शर्यत धावलेली मंडळी सोमवारी ऑफिसचा जिना चढतात बरी, उतरताना मात्र कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरतात.

फलकावरचं ते वाक्य तेवढं पुसायला सांगा. पळणं थांबलं की साधारण तासाभरात शरीर लॅक्टिक अ‍ॅसिडची विल्हेवाट स्वतःच लावतं, बराचसा भाग तर इंधन म्हणून वापरतं. तुम्ही गळ्यात पदक घालून, फोटो काढून, कंदी पेढा तोंडात टाकून घरी पोचेपर्यंत ते संपलेलंही असतं. दुखणं जोर धरतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जे रविवारी सकाळीच गेलं ते मंगळवारी काढायला पैसे कशाला मोजायचे?

मग मसाजने होतं काय? इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०२० साली २९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत मिळून हजारावर माणसं होती. ताकद, वेग, दमसास यांत मसाजने फरक पडल्याचं काही दिसलं नाही. लवचिकता थोडी वाढली आणि नंतरचं दुखणं थोडं कमी झालं. थोडंच. माझं पोट या धंद्यावर आहे, तरी सांगते. टेबलावरून उठलेला माणूस 'हलकं वाटतंय' म्हणतो ते खोटं नसतं. ताठरलेला स्नायू सैल पडतो, मन शांत होतं, रात्री झोप लागते. शर्यतीच्या आठवड्यात चांगली झोप ही काही लहान गोष्ट नाही. पण याने सरावाची कसर भरून निघत नाही.

तुमची शर्यत रविवारी धरू. खोल मसाज घ्यायचाच तर त्याआधीच्या सोमवारी-मंगळवारी घ्या, तोही पूर्वी कधी घेतला असेल तरच. शर्यतीच्या तोंडावर नवे बूट घालत नाही, तसंच हे. शनिवारी घरीच हलक्या हाताने दहा-पंधरा मिनिटं तेल फिरवा आणि झोपण्यापूर्वी पुसून टाका, नाहीतर सकाळी मोजे घसरतात. शर्यत संपल्यावर आधी थोडं चाला, पाणी प्या, काही खा, ओले कपडे बदला. मंडपात मसाजची रांग दिसली तर जरूर बसा, पण 'हलक्या हाताने' असं तोंडाने सांगा. समोरचा मुलगा सकाळपासून शंभर पाय दाबून कंटाळलेला असतो. खोल मसाज मंगळवार-बुधवारच्या पुढे. आणि शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर मसाज वगैरे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

यातलं निम्मं मला कॉलेजात जाण्याआधीच माहीत होतं. आजोबा कोल्हापुरात तालमीचे वस्ताद. मुलींना आत प्रवेश नव्हता, मी दाराशी उभी राहून त्यांच्यासाठी डबा धरायची. आतून ओल्या पाठीवर तळवे पडल्याचा फट्-फट् आवाज यायचा. कुस्तीच्या मैदानाच्या आदल्या दिवशी मात्र तो आवाज नसायचा. आजोबांचं ठरलेलं वाक्य होतं, 'आज नुसतं तेल फिरवा रे, रगडू नका. उद्या त्याचं अंग त्याला लागणार आहे.'

दुखण्याचं माप सोपं आहे. दाब पडल्यावर श्वास रोखला गेला, किंवा पायाची बोटं आपोआप आवळली गेली, की दाब जास्त झाला. स्नायू तेव्हा सैल होत नाही, उलट भांडायला उठतो. 'हं, इथेच' असं म्हणावंसं वाटलं आणि श्वास चालू राहिला, तर ठीक.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. परवा चढाई करताना समोरच्याचा गुडघा मांडीवर बसला. मांडी सुजून निळी-काळी झालीय. सासूबाई म्हणतात, मुका मार आहे, कोमट तेलाने जोर लावून चोळ, साकळलेलं रक्त पांगेल. चोळू का?
– एक आई, तासगाव

उत्तर : तुम्हाला फोनवर कळवलंच होतं. अंक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्न नव्हता. इथे छापतेय ते बाकीच्या घरांतल्या सासूबाईंसाठी.

अजिबात चोळू नका. कारण मी चोळलंय.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या कबड्डी संघातल्या एका मैत्रिणीच्या मांडीवर असाच गुडघा बसला. मी वस्तादाची नात, मालिश मला येतंच असा माझा समज. चार दिवस रोज रात्री गरम तेल आणि अंगठ्याचा सगळा जोर. ती ओरडायची, मी म्हणायची, 'सोस, उद्या बघ.' उद्या गुडघा आणखी कमी वाकायचा. पाच आठवड्यांनी एक्स-रे काढला तर मांडीच्या स्नायूत पांढरा ढग. साकळलेल्या रक्ताच्या जागी हाड तयार होत होतं. अशा मारावर जोराने चोळलं, शेकलं किंवा फार लवकर ताण दिला की हा धोका वाढतो. तिचा तो हंगाम गेला. मांडीही बरी झाली, पण पुढे कित्येक महिन्यांनी. आजोबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'मला विचारायचंस तरी.'

पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. क्रेप बँडेज, पण करकचून नाही. गुडघा सोसेल तितका वाकवून ठेवायचा. शेक नाही, झंडूसारखे बाम घासणं नाही. दोन दिवसांनीही गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल किंवा सूज वाढतच असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मालिश करणारा कितीही नावाजलेला असो, तो नंतर.

प्रश्न : रोज ३० किलोमीटर सायकल चालवते. पोटऱ्या आवळतात. मसाज गन घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण आधी स्वयंपाकघरात बघा. बुटक्या स्टुलावर बसा, लाटणं दोन्ही हातांनी धरून पोटरीवर घोट्याकडून गुडघ्याकडे हळूहळू फिरवा, प्रत्येक पायाला दोन-तीन मिनिटं. नडगीच्या हाडावर आणि गुडघ्यामागच्या खळग्यात नाही. तळपायासाठी टेनिसचा चेंडू. रोजच आवळत असतील तर सीटची उंचीही एकदा तपासून घ्या, दोष कित्येकदा तिथे असतो.

एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा आजारपणात पडून राहिल्यावर, तर लाटणं, गन, हात, काहीच लावू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि ती चोळून सुटली तर फुप्फुसात जाते. सरळ दवाखाना.

आणि लाटणं एकदा पायाला लावलं की ते पायाचंच. आमच्याकडे यावरून मोठं भांडण झालंय.