रूप बदलणारा परग्रहजीव लिहायला घेताना

राक्षस दिसतो कसा हे नंतर ठरवा. आधी त्याला काय जमत नाही ते कागदावर उतरवा. नक्कल पूर्ण व्हायला किती वेळ लागतो? आठवणी उतरतात का? कपड्यांचं काय? १९८२च्या 'द थिंग' या चित्रपटात परग्रहजीव रूप घेताना मूळ माणसाचे कपडे फाटतात आणि त्या चिंध्याच संशय पेटवतात. असा एक तरी माग हवाच.

वस्तुमान विसरू नका. ८० किलोच्या माणसाचा उंदीर झाला, तर उरलेलं मांस गेलं कुठे? विज्ञानकथेचा वाचक हे विचारतोच.

मग तक्ता करा: कोणतं पात्र, कोणत्या प्रसंगात, किती वेळ एकटं होतं. कोण कधी बदललं हे तुम्हाला पक्कं माहीत असलं पाहिजे, नाहीतर शेवटचा उलगडा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

माणूस कोण आणि राक्षस कोण हे ओळखायची चाचणी अर्ध्या कथेनंतर आणा, पण तिचं बीज आधी पेरा. 'द थिंग'मध्ये तापवलेली तार प्रत्येकाच्या रक्तात टेकवतात; राक्षसाचं रक्त चटका चुकवायला उसळतं. ते पटतं, कारण राक्षसाचं तुटलेलं डोकं पाय फुटून पळताना आपण आधीच पाहिलेलं असतं: प्रत्येक तुकडा स्वतंत्र जीव. फार सुंदर बांधणी आहे ती!

त्या चित्रपटातल्या अंटार्क्टिकाच्या संशोधन तळावर १२ माणसं आहेत. पहिल्या कथेत पाच-सहाच ठेवा.