सख्ख्या भावानं बांध कोरला. क्षमा कशी करू? प्रार्थनाच होत नाही.

क्षमा म्हणजे हक्क सोडणं नव्हे. करवीर तालुक्याच्या (कोल्हापूर) भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज खुशाल द्या. सोडायचा तो सूड.

प्रार्थनेत भावाचं नाव घेऊन नेमकं बोला: ‘प्रभू, त्यानं माझ्या रानात दोन सऱ्या ऊस लावला, मला राग आहे.’ मोघम ‘सगळ्यांना क्षमा कर’ म्हटलं की राग आत तसाच राहतो. मग त्याच्या पोराबाळांसाठी एक वाक्य मागा. जड जाईल, तरी मागाच. राग उद्या परत येईल, तेव्हा परत क्षमा करा. येशूचा शिष्य पेत्र यानं ‘किती वेळा क्षमा करू?’ असं विचारलं होतं तेही भावाबद्दलच, आणि येशूकडून उत्तर मिळालं ‘साताच्या सत्तर वेळा’.

त्यानंतर बायबलमधल्या मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकट्यानं त्याच्याकडे जा. नाहीच ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या. बहुतेक जण उपासनेनंतर चर्चच्या आवारात आधी चारचौघांना सांगतात, आणि तिथंच बिनसतं.