रिले आधी कागदावर लावा

प्रश्न : वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणली आहे. हेडलाइटला 60/55 वॅटचे हॅलोजन बल्ब आहेत, तरी उजेड पिवळट पडतो. अप्पर लावून घाट चढलो की स्टिअरिंगखालचा स्विच चांगलाच तापतो. ओळखीचा वायरमन म्हणतो, 90/100 चे बल्ब टाका. मी चार रिले आणून ठेवलेत. कुठे आणि कसे लावू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बल्बचं आधी उरकतो. टाकू नका. स्विच आत्ताच तापतोय, त्यात आणखी करंट ओढलात तर एक दिवस डॅशबोर्डमागून धूर येईल. तुमचे बल्ब गरीब नाहीत, उपाशी आहेत. अप्परला दोन्ही मिळून 120 वॅट, म्हणजे 10 अँपिअर. एवढा करंट बॅटरीतून डॅशबोर्डमागे जातो, स्विचमधून फिरतो आणि हेलपाटा घालून परत पुढे येतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के पडतो. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून अप्पर लावा, मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन बल्बच्या प्लसला टेकवा. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत गळलेलं व्होल्टेज; तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. माझ्याकडे आलेल्या एका पद्मिनीत तो 2.1 निघाला होता.

रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, पाटलाचा निरोप्या. स्विचकडून त्याला जेमतेम 0.2 अँपिअरचा इशारा पुरतो. जड माल तो बॅटरीकडून थेट दिव्याला पोचवतो. पायांवर नंबर असतात. 30 वर बॅटरीची फ्यूजमधून आलेली तार, 87 दिव्याकडे, 86 वर स्विचकडून आलेली जुनी तार, 85 अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. पाच पायांचे रिले आणले असतील तर 87ए हा पाय मोकळा सोडा. चुकून दिवा तिथे जोडलात तर स्विच बंद असताना पेटेल. माल पोचवणारी तार 2.5 चौरस मिलिमीटरची, इशाऱ्याला 1 ची पुरते.

आता कागद घ्या. चारपैकी दोन रिले हेडलाइटला : एक अप्परचा, एक डिपरचा. प्रत्येकाला स्वतंत्र 15 अँपिअरचा फ्यूज. तिसरा हॉर्नला लावा. जोडहॉर्न असतील तर नक्कीच. पण हॉर्नचं बटण बहुतेक गाड्यांत अर्थ देतं, प्लस नाही. तिथे 86 ला फ्यूजमधून प्लस द्यायचा आणि बटणाची तार 85 ला. मीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. चौथा डिकीत ठेवा, सुटा.

स्वतंत्र फ्यूजबद्दल मी हट्ट धरतो, त्याला कारण आहे. उमेदवारीच्या काळात एका गाडीला मी दोन्ही रिले एकाच 20 च्या फ्यूजवर दिले आणि तार पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवर बसणारी कडी, न लावताच ओढली. जुलैत कुंभार्ली घाटात पत्र्याने तार कापली, फ्यूज उडाला आणि अप्पर-डिपर दोन्ही गेले. पाऊस, धुकं. पुढच्या एसटीच्या लाल दिव्यामागे आम्ही फर्स्ट गिअरमध्ये उतरलो. गाडीमालक शेजारी बसले होते. खाली पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत; शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. बॅटरी ते फ्यूज या तारेला कुणी राखणदार नसतो, ती जितकी आखूड तितकी बरी. रिले पाय खाली करून लावा, नाहीतर आत पाणी मुरतं. सायलेन्सरचा पाइप जिथून उतरतो ती बाजू सोडा. प्रत्येक भोकाला ग्रोमेट. लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगचं हत्यार मागून आणा. जोड काळ्या टेपने गुंडाळायची सवयही मोडा. इंजिनच्या उष्णतेने तिचा डिंक पाघळतो, गरम केली की आवळून बसणारी हीट-श्रिंक नळी वापरा.

अर्थ मात्र लोक विसरतात. जुन्या गाडीत हेडलाइटची अर्थ गंजक्या पत्र्यावर भरवसा ठेवून असते. रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, तिथे दातेरी वॉशरसह बोल्ट आवळा.

आणि जुनी तार कापू नका. हेडलाइटचा जुना सॉकेटच रिलेच्या इशाऱ्याला वापरता येतो. उद्या मुलाला गाडी मूळ रूपात हवी झाली तर नवं सगळं अर्ध्या तासात उतरेल.

प्रश्न : माझ्या फियाटला डायनॅमो आहे. रिले लावले की चार्जिंग वाढेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. रिले गळती थांबवतो, वीज तयार करत नाही. सिग्नलला उभे असताना चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो ना? मग आधी डायनॅमोचे ब्रश, कटआऊट (डायनॅमो मंद फिरताना त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) आणि पट्टा बघून घ्या.