नववीच्या मुलीला पेशीचे भाग रोजच्या उदाहरणातून कसे समजावू?

गावातल्या पोदेराच्या, म्हणजे पाव भाजून विकणाऱ्याच्या, भट्टीचं उदाहरण घ्या, पेशीचे बहुतेक भाग त्यात नीट बसतात. मी गोव्यात फोंडा भागात नववीला विज्ञान शिकवते. 'कारखाना' म्हटलं की मुलं नुसती मान डोलावतात, पोदेराच्या सायकलचा हॉर्न मात्र सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

भट्टीची भिंत आणि दार म्हणजे पेशीपटल: मैदा आत, राख बाहेर, वाटेल ते आत येत नाही. आतल्या खोलीत कुलूपबंद ठेवलेली कृतींची वही म्हणजे केंद्रकातला डीएनए. वही खोलीबाहेर येत नाही, लागेल त्या पानाची नक्कल येते, ती आरएनए. नक्कल वाचून काम करणारे हात म्हणजे रायबोझोम, तेच प्रथिनं बनवतात. इथे मुलीला जरा थांबवा. वही सगळीकडे तीच, पण एका भट्टीत उंडे (गोल पाव) होतात, दुसरीत कांकणं (बांगडीसारखे पाव). तसंच इन्सुलिन स्वादुपिंडातल्या ठरावीक पेशीच बनवतात, त्वचेच्या नाही. माल वेगवेगळा करून टोपल्यांत भरणारा तो गॉल्गी पिंड. टाकाऊ मोडून काढते ती लयकारिका.

एक सांभाळा: तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रिया) 'भट्टीची आग' म्हणू नका. ती काही भाजत नाही, अन्नातली ऊर्जा टप्प्याटप्प्याने काढून एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत साठवते, म्हणून 'जनरेटर' म्हणा. तेही अपुरंच, कारण तिच्याकडे स्वतःची छोटी वही असते, माणसात 37 जनुकांची.