ऑस्ट्रेलियन शिल्पकार रॉन म्युएकचे पुतळे इतके खरे दिसतात, ते जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढून बनवतो का?

नाही, तो आधी सगळं मातीत हाताने घडवतो आणि साचा त्या मातीच्या मूर्तीवरून काढतो, माणसावरून नाही. साधं कारण म्हणजे साइझ. अंगावरून घेतलेला साचा माणसाएवढाच येणार ना, आणि म्युएकचं काम मुद्दाम माणसाएवढं नसतंच. 'डेड डॅड' (१९९६-९७) हा त्याच्या वारलेल्या वडिलांचा पुतळा जेमतेम १ मीटरचा आहे आणि 'बॉय' (१९९९) हा उकिडवा बसलेला मुलगा बसल्या बसल्याच जवळपास ५ मीटर उंच, तो आता डेन्मार्कमध्ये आरहूसच्या म्युझियममध्ये आहे. त्याची काम करण्याची पद्धत २०१३ च्या डॉक्युमेंटरीत बघायला मिळते: आधी छोटं मॉडेल, मग मोठी मातीची मूर्ती, त्यावर सुरकुत्या वगैरे सगळं कोरून झालं की साचा, आणि त्यात फायबरग्लास किंवा सिलिकॉन. रंग आणि केस नंतर, केस एकेक करून रोवतात, 'डेड डॅड'ला तर त्याने स्वतःचेच लावलेत. वेळ प्रचंड जातो त्यामुळे आतापर्यंतची एकूण कामंही तशी कमीच आहेत. आधी तो टीव्ही-सिनेमासाठी पपेट्स बनवायचा, हात तिथेच बसला असणार असं मला वाटतं.

फक्त एक, जिवंत मॉडेल अजिबातच वापरत नाही असं नाही हं, 'प्रेग्नंट वुमन' (२००२) साठी गरोदर बाई समोर ठेवून काम केलं होतं, पण ते निरीक्षणासाठी.